रुग्णालयाबाहेरचे म्हातारपण

वृद्धापकाळाचा खर्च तीन ठिकाणी होतो. एक रुग्णालयात, दुसरा औषधांच्या दुकानात आणि तिसरा घरात, जिथे उठवायला, बसवायला, अंघोळ घालायला दुसरा माणूस लागतो. पहिल्या खर्चासाठी सरकारी योजना आहेत आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांचा पसारा वाढलाही आहे. दुसऱ्यासाठी तुटपुंजी सोय आहे. तिसऱ्यासाठी सरकारी तिजोरीतून जवळपास काहीच येत नाही. म्हाताऱ्या माणसाचे वर्षातले मोजके दिवस रुग्णालयात जातात आणि बाकीचे सगळे घरात. पैशाची सोय मात्र नेमकी उलट्या प्रमाणात झालेली आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात हा उलटा हिशेब जितका स्पष्ट दिसतो तितका राज्यात क्वचितच कुठे दिसेल.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२ मध्ये ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये आकाराला आली. पुढच्या दोन दशकांत माजिवडा, बाळकुम, कोलशेत, पोखरण रस्ता या भागांत रंग, रसायने, औषधे, कापड आणि यंत्रांचे कारखाने धडाडत होते. त्यांतले बरेच आता नाहीत. माजिवड्यात गोल्डन डाइज हे नाव नाक्यापुरते उरले, रेमंडची ठाण्यातली गिरणी बंद पडली, कोलशेतच्या क्लॅरियंटची जमीन गृहसंकुलासाठी विकली गेली. कारखाने गेले, पण त्यांत पाळ्या करणारी पिढी इथेच राहिली. कल्याण-डोंबिवलीतली पिढी तिच्याच वयाची, फक्त वेगळ्या धाटणीची. सकाळची लोकल पकडून मुंबईतल्या बँका, विमा कचेऱ्या, रेल्वे, गोदी, गिरण्या आणि मंत्रालय गाठणारी. दोन्ही पिढ्यांनी घरे घेतली ती सत्तर-ऐंशीच्या दशकांत, परवडतील तिथे. बहुतेक तीन-चार मजली इमारतींत, लिफ्ट नसलेल्या.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. त्या वेळी राज्यात साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. बाहेरून येणाऱ्या तरुणांमुळे या दोन शहरांत ते कमी धरले, तरी दोन लाखांच्या आसपास ज्येष्ठ तेव्हाच इथे राहत होते, असा अंदाज निघतो. त्याला आता दीड दशक होत आले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेसह २०२३ मध्ये काढलेल्या अहवालानुसार देशातले साठीपुढचे लोक २०२२ मध्ये १४ कोटी ९० लाख, म्हणजे १०.५ टक्के होते. २०५० मध्ये ते ३४ कोटी ७० लाख, २०.८ टक्के होतील. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १.७ पर्यंत उतरले होते. दोन म्हातारे आणि एक मूल, तेही पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, हे डोंबिवलीच्या पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, आता नित्याचे चित्र आहे.

या लोकांच्या हातात महिन्याला येते किती, हा पहिला प्रश्न. बँक, रेल्वे किंवा राज्य सरकारातून निवृत्त झालेल्यांना बरे निवृत्तिवेतन मिळते. खासगी कारखान्यातल्या कामगाराला मिळते ते कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मधून. तिचे सूत्र सोपे आहे: शेवटचे हिशेबी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. हिशेबी वेतनाला मात्र कमाल मर्यादा आहे. सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० रुपये आहे, त्याआधी ६,५०० होती. २०१० च्या सुमारास कोलशेतच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाचा हिशेब या सूत्राने मांडला, तर १९९५ पूर्वीच्या सेवेची भर घालूनही रक्कम दोन हजार रुपयांच्या आसपास थांबते. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले आणि त्यानंतर वाढलेले नाही. भविष्य निर्वाह निधीची एकरकमी रक्कम बहुतेकांच्या घरात मुलांच्या लग्नांत, शिक्षणात किंवा मोठ्या घराच्या पहिल्या हप्त्यात गेली.

ज्यांना हेही नाही, त्यांच्यासाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आणि राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये आणि ऐंशीपुढच्यांना ५०० रुपये. गेल्या दशकभरात त्यात एका पैशाची भर पडलेली नाही. राज्याने २०२३ मध्ये एकूण रक्कम १,५०० रुपयांवर नेली, हे चांगलेच झाले. अडचण पात्रतेची आहे. श्रावणबाळसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ठाण्यात झोपडीत राहणारे कुटुंबसुद्धा एवढ्यात जगत नाही, त्यामुळे अर्ज मंजूर करायचा तर उत्पन्नाचा दाखला खोटा तरी असावा लागतो किंवा तलाठ्याने डोळेझाक तरी करावी लागते. त्याच सरकारची लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना तेवढेच १,५०० रुपये देते आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. वर्षाला लाखभर रुपये कमावणाऱ्या घरातल्या बाईला पासष्टीपर्यंत ही रक्कम मिळते. पासष्टी उलटली, हातपाय थकले, की ती २१,००० च्या मर्यादेसमोर येऊन अपात्र ठरते. दोन्ही योजना एकाच मंत्रिमंडळाच्या पंखाखाली आहेत. लाडकी बहीणसाठी सुरुवातीला वर्षाला ४६,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडला गेला होता, तेव्हा राज्याकडे पैसाच नाही हे उत्तर इथे टिकत नाही.

आता रुग्णालयाचा खर्च. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि उत्पन्नाची अट न ठेवता ती सर्वांसाठी खुली झाली. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, श्रीमंत-गरीब न पाहता, आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण दिले. कागदावर पाहिले तर माजिवड्यातल्या सत्तरीच्या माणसाची रुग्णालयाची चिंता मिटलेली आहे.

प्रत्यक्षात दोन अडचणी उरतात. मोठी खासगी रुग्णालये ठरवून दिलेल्या दरांना तयार नसतात किंवा मोजक्याच उपचारांपुरती योजनेत राहतात. आणि सार्वजनिक रुग्णालयांची ताकद वस्तीच्या मानाने अपुरी आहे. ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी करून त्याचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवला गेला आणि भार कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयावर वाढला. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. कल्याण-डोंबिवलीत रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर या दोन महापालिका रुग्णालयांतून गुंतागुंतीचा रुग्ण कळवा किंवा मुंबईकडे धाडला जातो, ही तक्रार नागरिकांना पाठ झाली आहे. विम्याचे कार्ड खाट निर्माण करत नाही. सरकार विम्याच्या हप्त्यावर जितके लक्ष देते तितके खाटांवर आणि डॉक्टरांच्या रिक्त पदांवर देत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चायला सांगितले होते. महाराष्ट्र अजून त्याच्या बराच खाली आहे.

खासगी विम्यात अलीकडे काही बरे बदल झाले. पासष्टीनंतर नवी पॉलिसी न देण्याची मुभा विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून काढून टाकली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात परवानगीविना वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायला मनाई केली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के वस्तू व सेवा कर गेला. दोन हजार निवृत्तिवेतनाच्या माणसाला यातले काहीच उपयोगाचे नाही. त्याच्यासाठी एक जुनी, फारशी ठाऊक नसलेली तरतूद आहे: किमान पाच वर्षे राज्य कामगार विम्यात राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी उपचार मिळतात. वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयाची अवस्था सुधारली, तर या १२० रुपयांचे मोल कोणत्याही नव्या घोषणेपेक्षा जास्त ठरेल.

दुसरा खर्च औषधांचा. देवनारच्याच संस्थेने आरोग्य मंत्रालयासाठी केलेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन वार्धक्य पाहणीत देशातल्या साडेसात कोटी ज्येष्ठांना एखादा तरी जुनाट आजार आणि सुमारे चाळीस टक्क्यांना कसले ना कसले अपंगत्व असल्याचे दिसले. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, काचबिंदू, कंपवात हे आजार माणसाला रुग्णालयात न नेता रोज खर्चात पाडतात. आयुष्मान योजना रुग्णालयातून सुटल्यावर पंधरा दिवसांची औषधे देते. सोळाव्या दिवसापासून खिसा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून तो इथवर उतरला, हे खरे. पण ज्येष्ठांच्या बाबतीत उरलेला भाग प्रामुख्याने बाह्यरुग्ण तपासणी, चाचण्या आणि गोळ्यांचा आहे. तो कमी करण्याचा स्वस्त मार्ग उघड आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि आपला दवाखान्यांत रक्तदाब-मधुमेहाची औषधे महिनाभराची एकदम आणि न चुकता मिळायला हवीत. आज ती कधी असतात, कधी नसतात. खंड पडला की लोक विश्वास सोडतात आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे वळतात.

तिसरा खर्च सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी मोजलेला. खुब्याचे हाड मोडलेल्या बाईची शस्त्रक्रिया योजनेतून होते. नंतरचे तीन महिने तिला संडासला नेणारे, कूस बदलणारे, फिजिओथेरपीला उतरवणारे माणूस लागते, आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर दोन माणसे. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश असेल तर तीन महिन्यांऐवजी पाच-दहा वर्षे. हे काम आजवर सुनेने केले, नोकरी सोडून परत आलेल्या मुलीने केले, स्वतः सत्तरीत असलेल्या बायकोने केले. राष्ट्रीय उत्पन्नात त्याची नोंद होत नाही, म्हणून ते फुकट आहे असा समज पसरला आहे. जिथे घरात कोणी नाही तिथे ब्युरोकडून मावशी किंवा वॉर्डबॉय येतो, बारा तासांचा किंवा चोवीस तासांचा. त्यांचा महिन्याचा खर्च कामगाराच्या निवृत्तिवेतनाच्या कित्येक पट असतो. मध्यमवर्गीय घराचीही मुदत ठेव त्यात दोन-तीन वर्षांत संपते.

या मावशींची बाजूही तितकीच बिकट. दिवा, टिटवाळा, कसाऱ्याकडून येणाऱ्या या बायकांना प्रशिक्षण नसते, ब्युरोचे कमिशन कापून हातात उरते ते थोडके, आजारपणाची रजा नाही. त्यांच्या कामाला कोणता दर, किती तास, रुग्ण पडला तर जबाबदारी कोणाची, हे ठरवणारे काही नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. परिचर्या हे स्वयंपाक-धुण्याहून वेगळे कौशल्य आहे, हे त्याने ओळखलेले नाही.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ आणि कल्याण अधिनियम २००७ हा भार मुलांवर टाकतो. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि महिन्याला कमाल १०,००० रुपये निर्वाहभत्ता मिळू शकतो. घराबाहेर काढल्या गेलेल्यांना या कायद्याचा आधार झाला आहे. पण ज्याच्या मुलाची कमाईच पंधरा-वीस हजार आहे, त्याला न्यायाधिकरण काय देणार? जिल्ह्याला किमान एक, दीडशे जणांचे वृद्धाश्रम उभारण्याचे कलमही याच कायद्यात आहे. पण राज्यांना त्याने मुभा दिली, बंधन घातले नाही, आणि राज्यांनी मुभेचा अर्थ आपल्या सोयीने लावला. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून २०२४ पासून चष्मा, श्रवणयंत्र, काठी-कुबड्यांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून परतलेली नाही.

ठाणे-डोंबिवलीकरांकडे रोकड नसली तरी घर आहे, मग त्यावरच म्हातारपण का काढू नये, असे सुचवले जाते. उलट गहाण कर्जाची कल्पना २००७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आली होती: घर बँकेकडे गहाण, राहणे तिथेच, आणि बँक दरमहा रक्कम देणार. ती रुजली नाही. वारसांची नाराजी हे एक कारण. दुसरे कारण या पट्ट्यात अधिक जड आहे. बँकेला निर्वेध मालकी लागते. इथे कित्येक सोसायट्यांच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरणच झालेले नाही, कित्येक इमारती धोकादायक यादीत आहेत, आणि अनधिकृत किती याची गणती न्यायालयांत चालू आहे. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले तेच खोट्या परवानग्यांमुळे. ज्या घराच्या कागदांवर बँक विश्वास ठेवत नाही, ते म्हातारपणाचे भांडवल होऊ शकत नाही.

इतर देशांनी या तिसऱ्या खर्चासाठी वेगळा निधी उभारला. जर्मनीने १९९५ मध्ये परिचर्या विमा सक्तीचा केला. पगारातून एक टक्क्याने सुरू झालेली वर्गणी आता साडेतीन टक्क्यांच्या वर गेली आहे. तिथे घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकालाही रोख भत्ता मिळतो आणि त्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी भरली जाते. जपानने २००० मध्ये चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून वर्गणी घेऊन निम्मा भार करांतून उचलायचे ठरवले, दक्षिण कोरियाने २००८ मध्ये आरोग्य विम्याच्या हप्त्यातच ती जोडली. या देशांत बहुसंख्य लोक पगारी आहेत. महाराष्ट्रात तसे नाही, म्हणून त्यांची प्रत इथे जशीच्या तशी चालणार नाही. केरळचा अनुभव जवळचा आहे. कोझिकोडमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या परिहार सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअर) चळवळीला २००८ मध्ये राज्य धोरणाचे रूप मिळाले आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर, त्यांच्या निधीसह, आली. पैसा जर्मनीच्या मानाने किरकोळ आहे. यंत्रणा मात्र वस्तीत पोचलेली आहे.

महाराष्ट्राकडे निधी बांधून घेण्याचा स्वतःचा अनुभव आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जाई आणि सरकार त्यात तेवढीच भर घालून दुष्काळी भागात कामे काढी. आज डोंबिवलीत, नौपाड्यात, माजिवड्यात म्हातारे झालेल्या पिढीनेच तो कर भरला. पुढे जमा आणि खर्च यांत अंतर पडत गेले आणि निधीतला पैसा हमीवर पूर्ण लागत नाही अशी टीका झाली, म्हणून नवा निधी उभारताना तो अर्थसंकल्पात विरघळू नये याची कायद्यानेच तजवीज करावी लागेल. व्यवसाय कराची मर्यादा राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांवर रोखलेली असल्याने त्यात फार जागा नाही. दुसरी वाट ठाण्यात डोळ्यांसमोर आहे. मेट्रोसाठी मुद्रांक शुल्काबरोबर घराच्या किमतीवर एक टक्का अधिभार इथले घर घेणारे भरतात आणि माजिवड्यावरून मेट्रोचे खांब गेलेले आहेत. महानगर प्रदेशातल्या घरखरेदीवर अर्धा टक्का अधिभार परिचर्या निधीसाठी ठेवला आणि राज्याने तेवढीच भर घातली, तर सुरुवात करता येण्याजोगी रक्कम उभी राहते. बांधकाम व्यावसायिक विरोध करतील. मेट्रोच्या वेळीही तो झाला होता आणि घरे विकली जायची थांबली नाहीत.

हा पैसा महापालिकेमार्फत प्रभाग पातळीवर खर्च व्हावा. दिव्यांगांसाठी पाच टक्के आणि महिला-बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवण्याची रीत महापालिकांना परिचित आहे. त्याच धर्तीवर ज्येष्ठांचा वाटा ठरवता येतो. माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीपासून आरंभ करायला हरकत नाही, कारण तिथे जुने गावठाण, झोपडपट्टी, कामगारांच्या सोसायट्या आणि उंच मनोरे एकत्र आहेत. प्रत्येक आरोग्य केंद्राला घरभेटी देणारी एक परिचारिका, तिच्या हाताखाली महापालिकेनेच प्रशिक्षित आणि नोंदणीकृत केलेल्या मावशी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आठवड्याचे ठरावीक तास, गरिबाला मोफत आणि ऐपत असलेल्याकडून उत्पन्नानुसार शुल्क. घरच्या बाईने सांभाळ केला तर तिला महिन्याला भत्ता. विरंगुळा केंद्रे पत्ते आणि वर्तमानपत्रांपुरती न ठेवता दिवसभर सांभाळ करणारी केली, तर कमावणाऱ्या मुलीला नोकरी सोडावी लागणार नाही. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट जोडण्यासाठी परवानगी सोपी करून बिनव्याजी कर्ज दिले, तर निम्मी परिचर्या आपोआप हलकी होते. तिसऱ्या मजल्यावर अडकलेला माणूस स्वतः दवाखान्यात जाऊ लागतो.

या सगळ्याआधी मोजणी हवी. २०११ नंतरची जनगणना आता २०२७ मध्ये होत आहे आणि तिचे प्रभागनिहाय आकडे हाती यायला आणखी वेळ लागेल. तोवर थांबायचे कारण नाही. आशा सेविका घरोघरी जाऊन तिशीपुढच्यांच्या रक्तदाब-मधुमेहाच्या नोंदी करतातच. त्याच फेरीत अंथरुणाला खिळलेले किती, एकटे राहणारे किती, सांभाळणारे स्वतः किती वयाचे आहेत, असे तीन रकाने वाढवले आणि त्या कामाचा मोबदला त्यांना वेळेवर दिला, तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना पुढच्या अर्थसंकल्पात आकड्यानिशी तरतूद करता येईल.